मोबाईलवरची खरेदी आणि तिच्यातली आडत



उन्हाळी नांगरट आटोपली की शेतकऱ्याच्या डोक्यात बी-बियाण्याचा विचार सुरू होतो. पूर्वी हा विचार मोंढ्यात, आठवडी बाजारात किंवा पारावर बसून होत असे. आता तो हातातल्या मोबाईलवर होतो. दिंद्रुड, तेलगाव, माजलगाव या बाजूला बैठकीच्या निमित्ताने जाणे झाले की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, मोबाईलवर एक जण सांगत होता, या औषधाने सोयाबीनला शेंगाच शेंगा लागतात. खाली लिंक दिलीय. मागवू का?"

या प्रश्नाला नुसते हो किंवा नाही म्हणून भागत नाही. सांगणारा कोण आहे, सांगण्याचे त्याला काय मिळते आणि माल खोटा निघाला तर कोणाचे काय जाते, हे हिशेब आधी मांडावे लागतात. तेवढ्यासाठी हे पत्रक.

लिंक म्हणजे काय?

मोंढ्यात आपण माल घेऊन जातो. आडत्या तो खरेदीदाराला दाखवतो, सौदा जमवून देतो आणि मधली आडत घेतो. माल त्याचा नसतो. उद्या त्या मालाचे काय झाले याच्याशीही त्याला कर्तव्य नसते. मोबाईलवरच्या लिंकचा प्रकार नेमका असाच आहे. ऑनलाइन दुकानाने हजारो लोकांना सांगून ठेवलेले असते, की आमच्याकडे गिऱ्हाईक पाठवा, त्याने खरेदी केली तर शेकडा इतके रुपये तुम्हाला देऊ. मग प्रत्येकाला खुणेची लिंक मिळते. जनावराच्या कानात बिल्ला असतो ना, तशी ही खूण समजा. तुम्ही त्या लिंकवर बोट ठेवले की तुम्हाला कोणी पाठवले हे दुकानाला कळते. काही दुकानांत तर त्यानंतरच्या चोवीस तासांत तुम्ही जे घ्याल, त्यावरही त्या माणसाची आडत लागते. तो पंपाबद्दल बोलला आणि तुम्ही चप्पल घेतली, तरी त्याचे पैसे पक्के!

इंग्रजीत याला अफिलिएट मार्केटिंग म्हणतात. आपण लिंकची आडत म्हणू. ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रूढ केली ती अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉन या दुकानाने, १९९६ साली. तेव्हा ते फक्त पुस्तके विकत होते. आपल्याकडे हे दुकान २०१३ साली आले. त्याआधी २००७ मध्ये बेंगळूरला फ्लिपकार्ट निघाले होते. २०१५ साली मीशो निघाले. त्यांनी सुरुवातीला घरच्या बायाबापड्यांनाच विक्रेते केले. साड्यांचे फोटो ओळखीपाळखीत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे, मागणी आली की वर आपला नफा ठेवायचा. शेतीचा मालही यात मागे राहिला नाही. अ‍ॅग्रोस्टारने शेतकऱ्याने नुसता मिस्ड कॉल द्यायचा आणि त्यांनी उलट फोन करून मागणी लिहून घ्यायची, अशी पद्धत सुरू केली. बिगहाट, इफ्को बाजार अशी आणखीही नावे तुमच्या कानावर असतील.

आता हिशेब करून पाहू. समजा, ३,००० रुपयांचा पाठीवरचा बॅटरी पंप आहे आणि आडत शेकडा ५ रुपये आहे. तुम्ही लिंकवरून तो घेतला तर व्हिडिओवाल्याला १५० रुपये सुटले. असे दोनशे शेतकऱ्यांनी घेतले की झाले ३०,००० रुपये. पंप त्याने विकत आणलेला नाही, गोदामात ठेवलेला नाही, बांधावर पोचवलेला नाही. बरे, तो स्वतःच्या रानात तो पंप वापरतो की नाही, हेही तुम्हाला ठाऊक नाही.

तुम्ही म्हणाल, त्याची आडत दुकानदार देतो, आपल्या खिशातून थोडेच जातात? महाराष्ट्रात २०१६ साली फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याकडून काढून खरेदीदारावर टाकली, तेव्हाही हाच वाद रंगला होता. आडत कागदावर कोणाच्याही नावे लिहा, ती शेवटी मालाच्या किमतीत शिरायला बघते. म्हणून फुकट सल्ला खरोखरच फुकट असतो, असे धरून चालू नये.

म्हणजे हा सांगणारा लबाड झाला का? तसे नाही. कमिशन घेणे हा गुन्हा नाही. आपल्या गावच्या कृषी सेवा केंद्रवाल्यालाही कंपन्या कमिशन देतात, सहली देतात. तोही ज्या बाटलीत जास्त सुटतात तीच बाटली पुढे सरकवतो, हे आपण सगळे जाणतो. पण त्याचे दुकान तिथेच असते. बी उगवले नाही तर चार शेतकरी त्याच्या दुकानापुढे जाऊन उभे राहू शकतात, शिवाय उधारीही त्याच्याकडेच असते. या ओळखीची किंमत शेकड्यात मांडता येत नाही. मोबाईलवरचा माणूस कुठला, त्याचे रान कुठे, जमीन काळी की मुरमाड, काही समजत नाही.

सरकारने याबाबत नियम केले आहेत. ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना निघाल्या. जानेवारी २०२३ मध्ये मोबाईलवरून मालाची शिफारस करणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना आल्या. कंपनीकडून पैसे, फुकट माल किंवा लिंकची आडत मिळत असेल तर शिफारस करणाऱ्याने ते ऐकणाऱ्याला साध्या भाषेत, सहज दिसेल असे सांगितले पाहिजे. खोटी शिफारस करणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून व्हिडिओ पाहताना 'जाहिरात', 'प्रायोजित', 'पेड' असे शब्द कुठे आहेत का, ते शोधावे. असतील तर तो माणूस निदान सरळ आहे. नसतील आणि खाली लिंक मात्र असेल, तर अधिक सावध राहावे.

सात दिवसांची मुदत आणि चार महिन्यांचे पीक

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. शहरातला माणूस मोबाईलवरून सदरा मागवतो. अंगाला झाला नाही तर चार दिवसांत परत पाठवतो आणि पैसे परत मिळतात. ऑनलाइन दुकानाची सगळी भिस्त या परतीच्या सोयीवर आहे. माल घरी आल्याबरोबर त्याचा खरे-खोटेपणा कळतो, असे त्यात गृहीत धरलेले आहे. सदऱ्याचा कळतो, ताडपत्रीचा कळतो. बियाण्याचा कळत नाही.

तारखा मांडून बघा. पिशवी तुम्ही मेच्या शेवटी मागवली. परतीची मुदत सात दिवस, फार तर दहा. मृग बरसला, पण आम्हीच सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन चांगला ओलावा झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये. तेव्हा पेरणी जूनच्या मध्यावर, कधी जुलैत जाते. उगवण दिसायला आणखी आठवडा जातो. उगवले नाही हे कळेपर्यंत परतीची मुदत संपून महिना झालेला असतो. कपाशीत तर याहून कठीण. वाणाची भेसळ पाते-फुले लागल्यावर दिसते आणि सांगितलेले बोंड सांगितल्यासारखे भरले की नाही, ते दसरा-दिवाळीला वेचणीच्या वेळी समजते.

लिंकवाल्याच्या हिशेबाच्या तारखा निराळ्या. तुमची परतीची मुदत उलटली की त्याची आडत पक्की होते. म्हणजे तुमच्या रानात तिफण जाण्याआधीच त्याचा सौदा पुरा झालेला असतो. पीक आले काय आणि गेले काय, त्याच्या खात्यावर फरक पडत नाही. मोबाईलवरून बियाणे घेण्यातली खरी अडचण ही आहे. दुकान मोठे असो वा छोटे, ही अडचण तशीच राहते.

यावर कोणी सुचवेल, की पार्सल आल्या दिवशीच उगवणशक्ती तपासावी. तपासावीच. शंभर दाणे मोजून घ्यावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, पाणी शिंपडत राहावे आणि सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजावेत. सोयाबीनचे शंभरातले ७० तरी उगवले पाहिजेत. पण या तपासणीत परतीचे दिवस निघून जातात. शिवाय फोडलेली पिशवी परत घ्यायला विक्रेते खळखळ करतात. गोणपाटाची चाचणी तुम्हाला दुबार पेरणीपासून वाचवील, पैसे परत मिळवून देईलच असे नाही.

सोयाबीनपुरते सांगायचे, तर त्यासाठी मोबाईलकडे जायची गरजच कमी. हे सरळ वाणाचे पीक आहे. एकदा प्रमाणित बियाणे आणले की त्यातून आलेले चांगले बी दोन-तीन वर्षे घरचेच वापरता येते. मळणी हळू करावी, पोती एकावर एक रचून चेंगरू नयेत, पेरणीपूर्वी बीजप्रक्रिया करावी, एवढी काळजी पुरते. नवीन वाण पाहिजे असेल तर परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ जवळच आहे. १८ मे हा त्याचा स्थापना दिन. त्या सुमारास तेथे खरीप मेळावा भरतो आणि बियाणे विक्री सुरू होते. एमएयूएस-७१, एमएयूएस-१५८, एमएयूएस-१६२, एमएयूएस-६१२ हे सोयाबीनचे वाण आणि तुरीचे बीडीएन-७११, बीडीएन-७१६ याच विद्यापीठाचे. अकोल्याचे महाबीज १९७६ पासून बियाणे पुरवते आहे. या ठिकाणी रांगेत उभे राहावे लागते, हे खरे आहे. पण पावती हातात मिळते.

परवाना कोणाचा, ते आधी बघा

बियाणे, खत आणि कीटकनाशक हे तीनही माल वाटेल त्याने विकायचे नसतात. बियाण्यासाठी १९६६ चा कायदा आणि १९८३ चा नियंत्रण आदेश आहे, खतासाठी १९८५ चा नियंत्रण आदेश आहे, कीटकनाशकासाठी १९६८ चा कायदा आणि १९७१ चे नियम आहेत. विक्रेत्याकडे परवाना पाहिजे आणि त्याने पावती दिलीच पाहिजे. मोबाईलवर विकतो म्हणून यातून त्याची सुटका होत नाही.

कीटकनाशकांबाबत नोव्हेंबर २०२२ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली. परवानाधारकाला आता ऑनलाइन दुकानामार्फत माल विकता येतो. मात्र विक्रेत्याचा परवाना खरा आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी त्या ऑनलाइन दुकानावर टाकली आहे. तेव्हा मालाच्या पानावर विक्रेत्याचे नाव-पत्ता आणि परवान्याचा उल्लेख शोधावा. सापडत नसेल तर विचारावा. उत्तर येत नसेल तर ती बाटली घेऊ नये. बाटली आल्यावर नोंदणी क्रमांक, बॅच नंबर, बनवल्याची आणि संपण्याची तारीख, विषारीपणाचा रंगीत चौकोन हे सर्व आहे का ते बघावे. त्यात लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. लेबल नसलेले आणि घटक माहीत नसलेले औषध पाठीवर घेऊन रानात शिरणे म्हणजे काय, हे त्या वर्षाने दाखवून दिले. दवाखान्यात डॉक्टर पहिल्यांदा बाटलीच मागतात, कारण घटक कळल्याशिवाय उतारा देणे अवघड होते.

टॉनिकचा प्रकार तर विचारू नका! समुद्री शेवाळ, अमिनो, ह्यूमिक, कसले कसले अर्क. मोबाईलवर सर्वांत जास्त दिसतो तो हाच माल, कारण त्यात नफा मोठा आणि तपासायला कोणाकडे यंत्र नाही. याला सरकारी भाषेत जैव-उत्तेजक म्हणतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते खत नियंत्रण आदेशाखाली आणले गेले. तोवर या मालाला धरबंध नव्हता. आता नोंदणी लागते. 'शंभर टक्के सेंद्रिय, नोंदणीची गरज नाही' असे जो सांगतो, त्याच्याकडून घेऊ नये. आपल्याकडे बरा पाऊस होऊन एकरी आठ-दहा क्विंटल सोयाबीन झाले तर आपण समाधानी असतो. एका फवाऱ्यात एकरी वीस क्विंटल करून दाखवणाऱ्याला, बाबा, तुझ्या रानाचा गट नंबर सांग, एवढेच विचारावे.

तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीच्या बियाण्याबद्दलही सांगायला हवे. एचटीबीटी, चोर बीटी अशा नावांनी ते हस्ते-परहस्ते फिरते, मोबाईलवरूनही विचारणा होते. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर येथे शेतकरी संघटनेने ते उघड लावून आंदोलन केले. ते तंत्रज्ञान चांगले की वाईट, हा वाद वेगळा. दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे आहे. पण त्याच्या विक्रीला परवानगी नाही. त्यामुळे त्याला पावती नाही, पक्का लॉट नंबर नाही. तणनाशक मारल्यावर कपाशीच जळाली तर भांडायचे कोणाशी?

काय मागवावे?

म्हणजे मोबाईलवरून काहीच घेऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. ताडपत्री, विळे, छाटणीची कात्री, टॉर्च, नोझल, वॉशर, ठिबकचे जोड, मुलांची पुस्तके हा माल आला त्या दिवशी पारखता येतो. तालुक्याला मिळत नसलेला एखादा सुटा भाग मोबाईलवर सापडतो. दुकानदार किती जास्त लावतो, हेही तिथला भाव बघून समजते. तेवढा भाव दाखवून गावातच घासाघीस करता आली तर सर्वांत उत्तम.

यंत्राचे मात्र निराळे आहे. बॅटरी पंप, कडबाकुट्टी, पाण्याची मोटर घेताना किमतीआधी दुरुस्तीचे विचारावे. वॉरंटी एक वर्षाची लिहिलेली असते, पण दुरुस्ती केंद्र पुण्याला किंवा त्याच्याही पलीकडे असते. ऐन फवारणीत पंप बंद पडला आणि तो पार्सलने पाठवून तीन आठवडे वाट बघावी लागली, तर अळी काही थांबणार नाही. माजलगावला किंवा बीडला त्या कंपनीचे भाग मिळतात का, एवढे विचारून मगच घ्यावा. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष उतरते अशी लोकांची समजूत होती आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. तेव्हाचा शेतकरी फारच संशयी होता खरा. आताचा दोन मिनिटांत बटण दाबतो. यांच्या मधले कुठेतरी बरे.

भाव बघताना वजन-माप बघावे. ५०० मिलिलिटरच्या बाटलीचा फोटो आणि किंमत मात्र २५० ची, असे असते. पोचवण्याचा खर्च शेवटच्या पानावर जोडला जातो. छापील किंमत फुगवून त्यावर ७० टक्के सूट दाखवतात. 'फक्त २ नग शिल्लक', 'दहा मिनिटांत सवलत संपणार' असे घाई करणारे आकडे खोटे असतील, तर ते आता नियमबाह्य आहेत. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी सरकारने अशा तेरा क्लृप्त्यांवर बंदी घातली आहे. घड्याळ उलटे धावताना दिसले की मोबाईल खाली ठेवावा आणि जनावरांना पाणी दाखवून यावे. परत येऊन पाहिले तर सवलत बहुधा तिथेच असते!

पार्सल दारात आले, तेव्हा

वडीलधाऱ्यांना आठवत असेल, पूर्वी वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून लोक व्ही. पी. ने घड्याळ, रेडिओ, पुस्तके मागवत. पोस्टमनला आधी पैसे मोजायचे आणि मग पुडके सोडायचे. कधी घड्याळ निघे, कधी विटेचा तुकडा. २०१० साली फ्लिपकार्टने माल दारात आल्यावर पैसे देण्याची सोय सुरू केली, ती याच व्ही. पी. ची धाकटी बहीण. लोकांचा अनोळखी दुकानावर विश्वास नव्हता, बँकेचे कार्ड सर्वांकडे नव्हते, म्हणून ही सोय चालली. २०१६ नंतर मोबाईलचे इंटरनेट स्वस्त झाले आणि मग खेड्यापाड्यांत खरेदी पसरली.

दारात पैसे द्यायचे असले तरी व्ही. पी. चाच धोका यात आहे. पैसे दिल्याशिवाय खोका उघडू देत नाहीत. काही दुकाने काही मालासाठी समोर उघडून दाखवतात. मागवताना तशी सोय असेल तर ती निवडावी. नसेल तर खोक्यावरचा पत्ता, वजन, चिकटपट्टी यांचा फोटो घ्यावा आणि घरातल्या कोणाकडून तरी खोका उघडतानाचे चित्रण न थांबवता करून घ्यावे. तक्रार करताना हे चित्रण फार उपयोगी पडते. आपण मागवलेच नाही असे पार्सल आले आणि 'आठशे रुपये द्या' म्हणाले तर घेऊ नये. घरात म्हातारी माणसे असतील तर त्यांना तसे सांगून ठेवावे. मुलाने मागवले असेल म्हणून ती बिचारी पैसे देऊन मोकळी होतात.

आडमार्गाच्या गावांना आणखी एक त्रास असतो. कुरिअरचा मुलगा फोन करतो, "गाडी तिकडे येत नाही, माजलगावला येऊन घेऊन जा." जाण्या-येण्याचे भाडे आणि मोडलेली मजुरी धरली तर शंभर रुपयांची बचत कुठल्या कुठे जाते. माल परत करायचा तर पुन्हा तोच फेरा. म्हणून मागवण्यापूर्वी आपला पिनकोड टाकून माल घरपोच येतो का आणि घरून परत नेतात का, या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. पहिली सोय आहे म्हणून दुसरी असेलच असे नाही.

लुबाडणुकीबद्दल थोडक्यात. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. ओटीपी कोणालाही सांगू नये. दुकानाचा मदतीचा नंबर मोबाईलवर शोधून लावू नये, त्या दुकानाच्या अ‍ॅपमध्येच बघावा, कारण चोरांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पीएम किसान किंवा बँकेच्या नावाने 'एपीके' लिहिलेली फाईल आली तर उघडू नये. सौर पंपासाठी कुसुम योजनेच्या नावाने खोटी संकेतस्थळे निघाली, लोकांनी पैसे भरले. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा खात्याला त्याबद्दल वेळोवेळी इशारे द्यावे लागले. सरकारी योजनेची चौकशी कृषी सहायकाकडे किंवा महावितरणच्या कार्यालयात करावी.

आपल्या पोरांनी ही आडत कमवावी का?

गावातली शिकलेली मुले विचारतात, लिंकची आडत आम्हालाही मिळेल का? मिळेल. मोठ्या दुकानांत नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. मालाच्या जातीप्रमाणे शेकडा एक-दोन रुपयांपासून आठ-नऊ रुपयांपर्यंत आडत असते. पण शंभर जणांनी लिंक दाबली तरी घेणारे दोन-चारच निघतात आणि माल परत गेला की आडतही परत जाते. जोडधंदा म्हणून करायला हरकत नाही, शेरडा-कोंबड्यांची जागा मात्र त्याने भरणार नाही. करायचेच तर आपण वापरलेल्या वस्तूबद्दलच सांगावे आणि आडत मिळते हे व्हिडिओच्या सुरुवातीलाच बोलावे. गावात राहून हा धंदा करणाऱ्याला त्याच पारावर बसायचे असते.

यातच एक सापळा आहे. 'आधी ५,००० भरा, मग काम देऊ', 'व्हिडिओला पसंती द्या, रोज हजार मिळवा', 'तुमच्याखाली आणखी चार जण आणा' असे जिथे असेल, तिथे ही आडत नव्हेच. पहिल्या दिवशी शंभर-दोनशे रुपये खरेच देतात, भुलवायला. मग मोठी रक्कम भरायला लावतात. माणसाखाली माणूस जोडून पैसे फिरवण्याच्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे. डिसेंबर २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांतही पिरॅमिड योजना चालवायला मनाई केली आहे.

फसवणूक झालीच तर

खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ घालवू नये. १९३० हा सायबर गुन्ह्यांचा फोन आहे, तो ताबडतोब लावावा. चोराच्या खात्यातून पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता आले तर मिळण्याची आशा असते. त्यानंतर दिंद्रुडच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी.

माल खोटा किंवा वेगळा आला असेल तर आधी त्या दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार टाकावी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच दिली पाहिजे आणि महिन्याच्या आत निकाल लावला पाहिजे. सदोष, खोटा किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तरीही दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर सांगावे, नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतेचा, २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे बीडलाच तक्रार दाखल करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

शेतकरी हा ग्राहक नव्हे, तो तर धंद्यासाठी बियाणे घेतो, असे पूर्वी कंपन्या म्हणत. जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा निकालात काढला. निकृष्ट बियाण्याबद्दल शेतकऱ्याला ग्राहक म्हणून दाद मागता येते.

पण न्यायालयापुढे रान नेता येत नाही, कागद न्यावा लागतो. बियाणे उगवले नाही किंवा भेसळ दिसली तर तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीचे कृषी अधिकारी यांच्याकडे लगेच लेखी अर्ज द्यावा. तालुक्याची तक्रार निवारण समिती बांधावर येऊन पाहणी करते, पंचनामा करते. दुबार पेरणीची घाई समजते, ओल उडून चाललेली असते. तरी पाहणी होईपर्यंत निदान एक पट्टा मोडू नये. सगळे रान वखरून टाकल्यावर समितीने पाहायचे काय? अर्जासोबत पावती, पिशवी आणि टॅग जोडावा लागतो. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो, सत्यप्रत बियाण्याचे लेबल हिरवट. मोबाईलवरून घेतले असेल तर पावती मोबाईलमध्येच असते. ती माजलगावला जाल तेव्हा कागदावर काढून घ्यावी, कारण मोबाईल पाण्यात पडतो, हरवतो, मुलांकडून पुसलाही जातो. मालाचे पान आणि ज्या व्हिडिओवरून घेतले त्याचाही फोटो काढून ठेवावा. विक्रेते ती पाने नंतर काढून टाकतात.

पेरणीच्या दिवशी पिशवी टॅगच्या बाजूने न फाडता खालच्या बाजूने उसवावी, म्हणजे टॅग शिवलेला राहतो. शे-दोनशे ग्रॅम बी त्याच पिशवीत राहू द्यावे. पिशवीचे तोंड बांधून ती उंदीर लागणार नाही अशा जागी टांगावी आणि रास होऊन माल मोंढ्यात जाईपर्यंत तशीच ठेवावी. काही अडल्यास किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फोन फुकट आहे.